नाजूक, वळणदार हस्ताक्षरी फॉन्ट: पत्रिका, टॉवेल, पाटी आणि मोबाइल, चारही ठिकाणी कसा टिकवायचा?

अक्षरजुळणी (धागाकर्ता)

एका लग्नाचं पूर्ण काम आहे. गिऱ्हाइकाला सगळीकडे एकच 'हाताने लिहिल्यासारखं बारीक, वळणदार' अक्षर हवंय. यादी अशी:

१. पत्रिका ६००. तयार कोरं कार्ड घेऊन त्यावर सोनेरी स्क्रीन प्रिंटिंग. कार्ड मरून, थोडं खरबरीत.
२. पाहुण्यांना द्यायला १५० हँड टॉवेल, कोपऱ्यात वधूवरांची नावं, कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी.
३. कार्यालयाच्या दारात ४ × ३ फुटांची पाटी. सोनेरी ॲक्रिलिकची कापलेली अक्षरं, मागे लाइट हवा असल्यास तोही.
४. व्हॉट्सॲपवर पाठवायचं निमंत्रण.

नावं नमुन्यादाखल 'शर्वरी' आणि 'प्रल्हाद' धरा. मजकूर मराठीत, नावं इंग्रजीतही, आणि एका बाजूचे पाहुणे कन्नड असल्यामुळे एक कन्नड मजकूरही आहे. इंग्रजीसाठी ग्रेट वाइब्स पसंत पडलाय. देवनागरीत त्याच्या जोडीला काय लावायचं, आणि कुठल्या कामात हा बारीकपणा मार खाईल? सोलापुरात ही चारही कामं करणारी मंडळी इथे आहेत, म्हणून सगळं एकाच धाग्यात विचारतोय.

---

रेषामापक

फॉन्ट निवडण्याआधी त्याची सर्वात बारीक रेषा मोजा. पडद्यावर ४०० टक्के झूम करून 'छान दिसतंय' म्हणणं इथे कामाचं नाही.

कोरलमध्ये (कोरलड्रॉ, डिझाइनचं सॉफ्टवेअर) नाव १०० पॉइंटला टाइप करा, कर्व्हमध्ये बदला आणि अक्षर जिथे वर चढताना सर्वात बारीक होतं तिथली जाडी डायमेन्शन टूलने मिलिमीटरमध्ये घ्या. समजा ०.७ मिमी आली. मग कुठल्याही कामाला लागणारा आकार असा निघतो: हवी असलेली जाडी भागिले ०.७, गुणिले १००.

म्हणजे २४ पॉइंटला हीच रेषा ०.१७ मिमी राहते. ०.३ मिमी हवी असेल तर अक्षर ४३ पॉइंटचं लागेल. बहुतेक पत्रिकांवर नाव २८ ते ३६ पॉइंटमध्ये बसवलेलं असतं आणि तिथेच गाडी अडते.

पुढे प्रत्येक कामाचे जाणकार आपापली किमान जाडी सांगतीलच. त्यातली सर्वात मोठी मागणी कुठली ते बघून ठरवा, एकच रेखाटन चारही ठिकाणी न्यायचं की प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जाडीचं करायचं. माझं मत सरळ आहे: वळण एकच ठेवा, जाडी चार ठेवा.

जाडी वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे अक्षराच्याच रंगाची आउटलाइन. ०.२ पॉइंटची आउटलाइन दिली की अर्धी आत, अर्धी बाहेर जाते आणि रेषा एकूण ०.२ पॉइंटने, म्हणजे ०.०७ मिमीने जाड होते. पण 'क', 'ध', 'भ', इंग्रजी 'e' यांच्या पोटातली पोकळी तेवढीच आक्रसते. बारीक रेषा वाचवण्याच्या नादात 'e' बुजला तर 'Sharvari' वाचेल पण 'Vineet' वाचणार नाही. आउटलाइन दिल्यावर पोकळीही मोजा.

---

कोरल_काका

वरच्या हिशोबाला एक जोड. जोडलेल्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये एका अक्षराची शेपटी दुसऱ्याच्या अंगावर चढलेली असते. दोन गोष्टी त्यामुळे बिघडतात.

पहिली, ट्रॅकिंग. अक्षरांमधलं अंतर थोडं जरी वाढवलं तरी सांधे सुटतात. 'जरा मोकळं करा' असं गिऱ्हाईक म्हणालं तर आकार बदला, अंतर शून्यावरच ठेवा. देवनागरीत तर अंतर वाढवलं की शिरोरेषाच तुटते.

दुसरी, चढलेले भाग. अक्षरं कर्व्ह करून कंबाइन केली की ज्या ठिकाणी दोन आकार एकमेकांवर येतात तिथे भोक पडतं. छापताना सांध्यावर पांढरे ठिपके दिसतात. लेझर किंवा प्लॉटरला तीच फाइल गेली तर मशीन सांध्यावरच चीर देतं आणि अक्षरं सुटी होऊन हातात येतात.

इंग्रजीसाठी: मजकूर आर्टिस्टिक टेक्स्ट असतानाच कंट्रोल+के करून सुटी अक्षरं करा, मग कंट्रोल+क्यू, मग सगळी निवडून वेल्ड (सगळे आकार जोडून एक करणं). क्रम उलटा करू नका. आधी कर्व्ह करून नंतर फोडलं तर 'a', 'o' ची पोटं वेगळी निघतात आणि वेल्ड करताना भरून जातात.

देवनागरीत कंट्रोल+केने अक्षरं फोडू नका, वेलांट्या आणि रफार जागा सोडतात. तिथे इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर बरं. तिथे टाइप करा, ऑब्जेक्ट टू पाथ, अनग्रुप, आणि सगळं निवडून पाथ मेन्यूतलं युनियन. शिरोरेषेसकट एक सलग आकार मिळतो, पोकळ्या शाबूत राहतात. एसव्हीजी काढून कोरलमध्ये आणा आणि वायरफ्रेममध्ये बघा, सांध्यावर आडव्या रेषा दिसता कामा नयेत.

आणि मालक, इंग्रजी नाव सगळं कॅपिटलमध्ये टाकू नका. हस्ताक्षरी फॉन्टची कॅपिटलं फक्त शब्दाच्या सुरुवातीसाठी काढलेली असतात. 'SHARVARI' टाइप केलं की सात वेटोळी एकमेकांत अडकतात.

---

अक्षरजुळणी

आठ. 😄

बाकी कळलं. देवनागरीसाठी 'कलम' लाइट आणि 'अमिता' असे दोन समोर आहेत. कुठला?

---

पाकळीचा_ल

दोन्ही चांगले, पण दोन्ही ग्रेट वाइब्सच्या घराण्यातले नाहीत. हे आधी समजून घ्या, म्हणजे निराशा होणार नाही.

इंग्रजी वळणदार लिपी टोकदार, दाबाने फाकणाऱ्या निबाची आहे. खाली येताना दाब, म्हणून जाड. वर जाताना दाब नाही, म्हणून केसासारखी. देवनागरीचं वळण बोरूचं. बोरूची जीभ तिरकी कापलेली, जाडी दाबावर नाही, हाताच्या दिशेवर ठरते. म्हणून देवनागरी अक्षर नुसतं बारीक आणि तिरकं केलं की ते 'इंग्रजीसारखं नाजूक' होत नाही, अशक्त दिसतं.

'कलम' इंडियन टाइप फाउंड्रीचा. बॉलपेन किंवा बारीक स्केचपेनने लिहिल्यासारखा, जवळजवळ एकसारख्या जाडीचा, आणि गाठी उघड्या. लाइट, रेग्युलर, बोल्ड अशी तीन वजनं. 'अमिता'त जाड-बारीक फरक आहे, शिरोरेषेला आणि दंडांना लय आहे, वजनं दोन. पत्रिकेच्या नावाला मी 'अमिता' घेईन, टॉवेलला 'कलम'. का, ते एम्ब्रॉयडरीवाले सांगतील.

आता तुमच्या दोन नावांबद्दल. देवनागरीत लपेट कुठून काढायची हे ठरलेलं आहे: वेलांटीची कमान, 'र'ची शेपटी, उकाराचा आकडा, शेवटच्या दंडाचं टोक. शिरोरेषेतून लपेट काढू नका, शब्दाची कडच हरवते. 'शर्वरी'त रफार आणि शेवटची दीर्घ वेलांटी दोन्ही वर आहेत, एकच लांबवा. मी वेलांटी मागे 'व'पर्यंत नेईन आणि रफार लहान ठेवीन. 'प्रल्हाद'मध्ये 'ल्ह' हा नाजूक भाग. अर्धा 'ल' बारीक फॉन्टमध्ये आकसतो आणि 'प्रह्लाद'सारखं काहीतरी वाचलं जातं.

फॉन्ट मराठीला चालतो का हे बघायला ही ओळ टाइप करा: *वऱ्हाडी सुऱ्या ॲड. कॅ. श्रद्धा ऋतुजा मृण्मयी लक्ष्मी सिद्धेश्वर बाळ*. 'ऱ्ह'चा अर्धा र रफार होऊन वर उडाला, 'ॲ'च्या जागी चौकोन आला, किंवा 'द्ध' पाय मोडून 'द्‌ध' झाला, तर तो फॉन्ट नावांसाठी बाद. आणि 'ल', 'श' बघा: आपल्याला पाकळीचा ल आणि देठाचा श लागतो. काही फॉन्टमध्ये मराठी रूपं आत असतात पण भाषा मराठी निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत. टिरो देवनागरीत मराठीची वेगळी आवृत्तीच आहे, तिथे हा प्रश्न येत नाही. बाकीचा मजकूर, म्हणजे मुहूर्त, स्थळ, निमंत्रक, त्यात लावा. वळणदार अक्षर फक्त दोन नावांना. तारीख आणि वेळ तर मुळीच नको. लपेटीत १ आणि ९, ५ आणि ६ यांचा घोळ होतो आणि पाहुणे मुहूर्त चुकतात.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत काम करत असाल तर प्रेफरन्सेस, टाइपमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचं इंजिन निवडा, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर. नाहीतर 'शि'ची वेलांटी 'श'च्या नंतर बसते.

---

तिरकी_मान

मग मोडीच का वापरू नये? हात न उचलता लिहायची आपली लिपी तीच होती की.

---

पाकळीचा_ल

नावांच्या सजावटीला जरूर. मोडी २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली, नोटो सॅन्स मोडी फुकट मिळतो. पण तो मोडीतला साधा, एकसारख्या जाडीचा छापील फॉन्ट आहे, त्यात बोरूची लय नाही. शिवाय मोडीत आधी पूर्ण ओळभर शिरोरेषा ओढून मग खाली अक्षरं लिहायची पद्धत होती. त्यामुळे छोटं मोनोग्राम करताना शिरोरेषा अक्षरांच्या दोन्ही बाजूंना पुढे निघालेली दाखवली तर अस्सल दिसतं. वाचायला लागणारा मजकूर मात्र मोडीत देऊ नये. आणि नाव मोडी जाणणाऱ्याकडून तपासून घ्या, पत्रिकेवर चुकीची मोडी गेली तर सहाशे घरांत जाते.

---

जाळी_१२०

स्क्रीन प्रिंटिंगवर येतो. अडचण फॉन्टपेक्षा सोनेरी शाईची आहे.

साध्या शाईला १२०ची जाळी (दर सेंटीमीटरला १२० धागे) लावली तर गुळगुळीत कार्डावर ०.२५ मिमी रेषा येते. सोनेरी शाईत धातूची पूड असते. तिचे कण १२०च्या भोकातून नीट जात नाहीत, जाळी भरत जाते आणि पन्नासेक कार्डांनंतर बारीक रेषा गायब व्हायला लागतात. म्हणून सोनेरीला ९० ते १००ची जाळी. जाळी मोकळी झाली की कडा किंचित दातेरी होतात आणि किमान रेषा ०.३५ ते ०.४ मिमीवर जाते. तुमचं कार्ड खरबरीत म्हणताय, म्हणजे ०.४च धरा. रेषामापकांच्या हिशोबाने ५७ पॉइंट. नाही बसत ना? मग आउटलाइन द्या, किंवा जाड-बारीक फरक कमी असलेला फॉन्ट घ्या.

बाकी तपशील:

पॉझिटिव्ह (स्क्रीन बनवायला लागणारी अक्षरांची काळी प्रत) फिल्मवरच काढा, ट्रेसिंगवर नको. ट्रेसिंगवर काळा पुरेसा दाट नसतो, एक्स्पोज करताना बारीक रेषेतून उजेड झिरपतो आणि इमल्शन (जाळीवरचा, उजेडाने कडक होणारा लेप) तिथेही कडक होतं. धुताना रेषा उघडतच नाही. फिल्मची शाईची बाजू इमल्शनला टेकलेली हवी. एक्स्पोजरची वेळ जास्त झाली तरी हेच होतं, बारीक भाग आधी मिटतात. नव्या स्क्रीनला वेगवेगळ्या वेळांची चाचणी पट्टी काढून वेळ ठरवा.

आपल्याकडची लग्नसराई एप्रिल-मेमध्ये. सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर, शाई जाळीतच वाळते. रिटार्डर (शाई वाळणं लांबवणारं द्रव्य) घाला, पण शाईच्या ५ ते १० टक्क्यांपर्यंतच. जास्त घातलं की कार्डं रॅकवर वाळत नाहीत आणि मागच्या बाजूला डाग उठतो. पंखा स्क्रीनवर सोडू नका. जेवायला जाताना स्क्रीनवर शाई ओढून झाकून ठेवा.

स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) ७० ते ७५ शोअर कडकपणाची, धार ताजी. स्क्रीन आणि कार्ड यांत २ ते ३ मिमी अंतर. अंतर नसेल तर जाळी कार्डाला चिकटून राहते आणि उठताना रेषा फराटते.

---

तिरकी_मान

एवढा खटाटोप करण्यापेक्षा फॉइल मारावं की.

---

जाळी_१२०

गुळगुळीत कार्ड असेल तर होय. मॅग्नेशियमच्या ब्लॉकने ०.२ मिमी रेषा स्वच्छ येते, चमकही खरी. पण खरबरीत कागदावर फॉइल उंचवट्यांवर बसतं, खळग्यात नाही, आणि बारीक रेषा तुटक दिसते. दाब वाढवला की खळगे भरतात पण 'e', 'क' यांची पोटंही भरतात. उष्णता जास्त झाली तरी पोटं भरतात, कमी झाली तर रेषा सुटते. साधारण १०० ते १२० अंशांपासून सुरू करून पाच-पाच अंशांनी वर जा.

टोनरवर लॅमिनेटरने चढवायचं जे स्वस्त फॉइल असतं ते या फॉन्टला लावूच नका. बारीक रेषेवर टोनर इतका थोडा असतो की फॉइल धरत नाही.

---

पाईल_एंड

टॉवेलचा भाग. सोलापूरचा टेरी टॉवेल म्हणजे दोऱ्यांचे फास उभे असलेलं कापड. बारीक टाका त्या फासांत बुडतो. ज्या फॉन्टची केसासारखी रेषा पत्रिकेवर मिरवते तीच इथे पहिल्या धुण्याच्याही आधी दिसेनाशी होते.

सॅटिन टाका (रेषेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारे शेजारी-शेजारी टाके) १ मिमीपेक्षा अरुंद नसावा, टेरीवर १.५ धरा. ग्रेट वाइब्सची रेषा १.५ मिमी करायची तर अक्षर २०० पॉइंटच्या वर जातं, हँड टॉवेलच्या कोपऱ्यात ते मावणार नाही. म्हणून जाड-बारीक फरकाचा फॉन्ट सोडा. एकसारख्या जाडीचा घ्या: इंग्रजीला 'सॅक्रामेंटो', देवनागरीला 'कलम'चं वळण. फॉन्टची बाह्यरेषा पंचिंगवाल्याला (नक्षीची टाक्यांची फाइल करणाऱ्याला) देऊ नका. अक्षराच्या मधोमध जाणारी एकच रेषा काढून द्या, तो तिच्यावर १.५ ते १.८ मिमीचा सॅटिन चढवेल. आपोआप डिजिटाइझ करणाऱ्या बटणावर सोडलं की एका अक्षराचे आठ तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर दोरा तुटतो.

मापं: इंग्रजी लहान अक्षराची उंची ८ मिमीच्या खाली नको. देवनागरी अक्षर शिरोरेषेपासून पायापर्यंत १४ मिमी, कारण वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. 'ल्ह'साठी मी १६ घेईन.

क्रम: अक्षरांच्या आधी टॉवेलच्याच रंगाच्या दोऱ्याने विरळ भराव, नावापेक्षा ३ मिमी बाहेरपर्यंत. तो फास दाबून ठेवतो. मग मधला धावटाका, मग सॅटिन. दाटी (दोन टाक्यांमधलं अंतर) ०.४ मिमी, ०.३ केली की कापड आकसतं. पुल कॉम्पेन्सेशन (टाका ओढल्याने रेषा अरुंद होते म्हणून आधीच दिलेली जास्तीची रुंदी) ०.३ मिमी. वर पाण्यात विरघळणारी फिल्म, खाली फाडायचा बॅकिंग पेपर. सुई ७५/११ बॉलपॉइंट, नाहीतर फास कापले जातात.

देवनागरीत शिरोरेषा सगळ्यात शेवटी आणि एका दमात. आधी घेतली तर खालची अक्षरं कापडाला ओढतात आणि शिरोरेषा व दंड यांच्यात फट दिसते. शेवटी घेतली की सगळ्या दंडांची सुरुवातीची टोकंही तिच्याखाली झाकतात. या बाबतीत शिरोरेषा एम्ब्रॉयडरीवाल्याची मैत्रीण आहे; इंग्रजीत ते काम अक्षरांचे सांधे करतात, दोरा मध्ये तोडावा लागत नाही.

टॉवेलच्या सपाट बॉर्डरवर, जिथे फास नसतात, तिथे नाव घेतलं तर यातली निम्मी कटकट वाचते. १ मिमीचा सॅटिनही चालतो. बॉर्डरची रुंदी मात्र अक्षराच्या उंचीपेक्षा १० मिमीने जास्त हवी.

---

अक्षरजुळणी

नाव विणूनच घेतलं तर? जॅकार्डवर (कापडातच नक्षी विणणाऱ्या मागावर)?

---

पाईल_एंड

१५० नगांसाठी परवडणार नाही, पण तांत्रिक उत्तर असं. विणकामात नक्षी म्हणजे चौकटींचा ग्राफ. टेरीत दर सेंटीमीटरला दहा-बारा पाईल एंड (फास बनवणारे उभे धागे) धरा, कापडाप्रमाणे बदलतं. म्हणजे आडवी एक चौकट ०.८ ते १ मिमी. उभी चौकट त्याहून मोठी, कारण तीन पिकांना (आडव्या धाग्यांना) फासांची एक ओळ. तिरकी रेषा अशा ग्राफवर जिना होते. दोन चौकटींपेक्षा बारीक रेषा धरूच नका. नाजूक वळण विणायचं तर इंग्रजी अक्षराची उंची १० सेंमीच्या पुढे न्या, तेही चादरीवर. चादरीचं सूत जाड, तिथेही हिशोब ग्राफवरच बसवायचा. चौकट उभी-आडवी सारखी नसते, त्यामुळे ग्राफवर गोल काढलेला 'व' कापडावर अंडाकृती येतो. ग्राफचं प्रमाण एंड आणि पिकांच्या संख्येवरून आधी लावून घ्या.

डॉबीवर (छोटी, साधी नक्षी विणणाऱ्या मागावर) नाव विणता येतं का असं अधूनमधून विचारलं जातं. नाही.

---

त्रिभाषी

कन्नड मजकुराबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून. आपल्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू एकाच पत्रिकेवर येणं नेहमीचंच आहे आणि नेहमी तीच गोष्ट फसते: तिन्ही लिप्या एकाच पॉइंट साइजला टाकतात.

कन्नड आणि तेलुगूला शिरोरेषा नाही, अक्षरं गोल, आणि जोडाक्षराचा दुसरा भाग (कन्नडात ओत्तक्षर, तेलुगूत वत्तु) खाली लटकतो. दोन ओळींमधलं अंतर देवनागरीला आकाराच्या दीडपट पुरतं, कन्नड-तेलुगूला १.६ ते १.७ ठेवा. नाहीतर वरच्या ओळीचं ओत्तक्षर खालच्या ओळीच्या वेलांटीवर बसतं. आकार डोळ्यांनी जुळवा: देवनागरी अक्षराची शिरोरेषेखालची उंची आणि कन्नड अक्षराच्या मुख्य गोलाची उंची सारखी करा, पॉइंटचा आकडा विसरा.

या लिप्यांना खोटं तिरकं करू नका. गोल अक्षर १२ अंश कललं की रेषेची जाडी एका अंगाला फुगते, दुसऱ्या अंगाला आटते. उभंच ठेवा. नोटो सॅन्स कन्नड आणि नोटो सॅन्स तेलुगू अगदी बारीक १०० वजनापासून मिळतात. ग्रेट वाइब्सची जी सरासरी जाडी आहे तिच्याशी जुळणारं २०० किंवा ३०० घ्या. नाजूकपणा वजनातून जुळतो, लपेटीतून जुळवायला जाऊ नका. तपासायला कन्नड वाचणारा माणूस हवाच.

---

पाटीवाला_सोलापूर

४ × ३ची पाटी. कार्यालयाच्या दारात ती तीस फुटांवरून वाचता यावी असं धरू. तीस फूट म्हणजे साधारण ९ मीटर. निरोगी डोळ्याला तेवढ्या अंतरावरून जेमतेम ओळखू येणारी रेषा २.६ मिमी. जेमतेम नको, दुप्पट घ्या: ५ ते ६ मिमी. अक्षराची उंची साध्या ठळक अक्षराला ३ इंच पुरते, वळणदार बारीक अक्षराला ६ इंच.

हे कापायलाही बरं पडतं. ३ मिमी ॲक्रिलिकमध्ये ३ मिमीपेक्षा अरुंद पट्टी ठेवली की संरक्षक कागद सोलतानाच मोडते. सोनेरी आरशाचं ॲक्रिलिक आणखी ठिसूळ. कोपरे टोकदार नकोत, किमान १ मिमीची गोलाई द्या, भेग टोकातूनच सुरू होते.

देवनागरीचा फायदा: शिरोरेषेमुळे अख्खं नाव एक तुकडा. तोटा: अनुस्वार, चंद्रबिंदू, विसर्ग सुटे. 'आपलं स्वागत' लिहिणार असाल तर 'लं'चा ठिपका वेगळा पडणार. एकतर तो शिरोरेषेला किंचित टेकवा, नाहीतर सगळं मागच्या पारदर्शक शीटवर चिकटवा. मी शीट घेईन. टेकवलेला ठिपका लांबून मात्रेसारखा दिसतो. चिकटवताना साधा सुपर ग्लू नको, आरशाच्या पाठीवर पांढरट डाग येतो. बारीक डबल टेप किंवा न्यूट्रल सिलिकॉन.

जागेवर लावताना १:१ कागदी छाप काढून पाटीवर चिकटवा आणि शिरोरेषा लेव्हल बॉटलने लावा. शिरोरेषा एका अंशाने जरी कलली तरी सगळ्या वऱ्हाडाला दिसते. इंग्रजीत ते खपून जातं.

लाइटचं: निऑन फ्लेक्स (निऑनसारखी दिसणारी, वाकवता येणारी एलईडी पट्टी) ६ मिमीची घ्या. १२ व्होल्टच्या पट्टीवर कापायच्या खुणा ठरावीक अंतरावर असतात, बहुतेकदा २.५ सेंमी, त्यामुळे रेषेची लांबी त्या पटीत बसवावी लागते, उरलेला तुकडा उजळत नाही. इंग्रजी जोडलेलं नाव एका सलग पट्टीत होतं. देवनागरीत होत नाही, कारण शिरोरेषेला प्रत्येक दंड येऊन मिळतो आणि पट्टीला फांदी फुटत नाही. दंड सुटे कापून, मागून तार जोडावी लागते. 'शर्वरी'ला मी सहा-सात तुकडे धरतो. तेवढा वेळ नसेल तर ॲक्रिलिकची अक्षरं २० मिमी उचलून मागे साधी वॉर्म एलईडी पट्टी लावा. बारीक अक्षराला मागून येणारा प्रकाश उलट उठाव देतो.

हे लग्नाचं झालं. कुणी याच धाग्यावरून दुकानाची पाटी करायला घेतली तर लक्षात ठेवा: राज्यात दुकानाच्या पाटीवर देवनागरी मराठी नाव बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरांचा आकार इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. २०२२च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही ते लागू आहे. नाजूक इंग्रजी मोठं आणि मराठी कोपऱ्यात, हा बुटिकवाल्यांचा आवडता नमुना नियमात बसत नाही.

---

रेषामापक

मोबाइलचं थोडक्यात. १०८० × १९२०वर काम करा, सर्वात बारीक रेषा ३ पिक्सेल. व्हॉट्सॲप चित्र दाबतं तेव्हा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा जास्त कापली जाते. म्हणून मरूनवर लाल किंवा गुलाबी बारीक अक्षर चिखल होतं, मरूनवर फिकट क्रीम टिकतं. सोनेरी ग्रेडियंट अक्षरात भरू नका, ३ पिक्सेलच्या रेषेत ग्रेडियंट दिसत नाही, फक्त कडा मळतात. मूळ दर्जा हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

---

कोरल_काका

लायसन्स राहिलं. ग्रेट वाइब्स, सॅक्रामेंटो, कलम, अमिता, नोटो, टिरो हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. पैसे घेऊन केलेल्या छपाईत बिनधास्त वापरा. फुकट फॉन्टच्या साइटवरून उतरवलेल्या अनेक फॉन्टवर 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलेलं असतं. लग्न गिऱ्हाइकाचं वैयक्तिक असलं तरी तुमचं काम धंद्याचं आहे, तिथे परवाना घ्यावा लागतो.

---

अक्षरजुळणी

मंडळी, मग असं लावतोय. चुकत असेल तर सांगा.

पत्रिका: नावं 'अमिता', ४० पॉइंट, बारीक जागी ०.४ मिमी येईल एवढी आउटलाइन. इंग्रजी ग्रेट वाइब्स, तसंच. बाकी टिरो मराठी, कन्नडला नोटो ३००. जाळी १००.
टॉवेल: बॉर्डरवर, 'कलम'च्या वळणाची एकेरी रेषा, १६ मिमी उंची, शिरोरेषा शेवटी.
पाटी: ६ इंची अक्षरं, ६ मिमी रेषा, पारदर्शक शीटवर, मागून एलईडी.
मोबाइल: मरूनवर क्रीम.

---

जाळी_१२०

४० पॉइंटला ग्रेट वाइब्सची रेषा रेषामापकांच्या ०.७च्या हिशोबाने ०.२८ येते. ०.४ करायला ०.१२ मिमी, म्हणजे ०.३५ पॉइंटची आउटलाइन. 'अमिता' वेगळी मोजा, तिला एवढी लागणार नाही. दोघांना एकच आकडा लावला तर मराठी नाव काळवंडेल. आणि सहाशेला हात घालण्याआधी त्याच कार्डावर, त्याच शाईने दहा काढा, दुपारी दोन वाजता. सकाळच्या गारव्यात काढलेला प्रूफ मेमध्ये कामाचा नाही.

---

पाईल_एंड

बॉर्डरवर १६ मिमी म्हणजे बॉर्डर २६ मिमी हवी. खरेदी करताना पट्टी घेऊन जा, बऱ्याच हँड टॉवेलची बॉर्डर तेवढी नसते. नसेल तर 'शर्वरी' आणि 'प्रल्हाद'ची फक्त पहिली अक्षरं घ्या. 'श' आणि 'प्र' एका शिरोरेषेखाली छान बसतात आणि 'ल्ह'ची भानगडच राहत नाही. दोरा पॉलिस्टर घ्या, रेयॉन नको. लग्नाचा टॉवेल घरात गेला की गरम पाण्यात आणि ब्लीचमध्ये पडणारच.